आधी अर्थिंग, मग मॅप

पहिल्या पिढीची होंडा सिटी व्हीटेक ज्यांनी चालवली आहे, त्यांना तिचं वेड कसं लागतं हे सांगावं लागत नाही. दीड लिटरचं इंजिन, १०६ बीएचपी, आणि हलकी बॉडी. माझ्या गाडीत कॅम आणि एक्झॉस्ट बदलल्यावर मूळ ईसीयूमधले आकडे पुरेनात, म्हणून एका गॅरेजमधून स्टँडअलोन कंट्रोलर बसवून घेतला. ट्यूनरने लॅपटॉपवर मॅप दाखवला. फुल थ्रॉटलला हवा-इंधनाचं प्रमाण १२.५, म्हणजे अगदी योग्य. उन्हाळ्यात खंबाटकीचा घाट चढताना इंजिनातून कडकड आवाज आला आणि मागे निळा धूर दिसू लागला. इंजिन खोललं तेव्हा एका पिस्टनची रिंग बसते तिथली कड तुटलेली होती.

बिघाड मॅपमध्ये नव्हता, कंट्रोलरही चांगला होता. त्याची अर्थची वायर रंग न खरवडता एका ब्रॅकेटवर आवळलेली होती. इंजेक्टर आणि कॉइलचा करंट त्या कच्च्या जोडातून परतताना कंट्रोलरचा ‘शून्य’ व्होल्ट वर उचलला जाई. माझ्या गाडीतला वाइडबँड सेन्सर शून्य ते पाच व्होल्टमध्ये १० ते २० असं प्रमाण कळवतो, म्हणजे अर्ध्या व्होल्टच्या फरकाने आकडा पूर्ण एकने चुकतो. स्क्रीनवर १२.५ दिसत होतं, पण इंजिनात १३.५ जळत होतं. पेट्रोल कमी, त्यात ॲडव्हान्स टायमिंग, घाटातला लोड आणि मे महिन्यातली गरम हवा. नॉक सेन्सर जोडलेला नव्हता, त्यामुळे कंट्रोलरला यातलं काहीच कळलं नाही. कंट्रोलर आंधळ्यासारखा असतो. वायर जे सांगेल तेच त्याला खरं वाटतं.

म्हणून कोणी विचारलं की माझं सांगणं एकच असतं: लॅपटॉप उघडण्याआधी मल्टिमीटर काढा. इंजिन चालू, हेडलाइट आणि रेडिएटरचा फॅन चालू ठेवून बॅटरीचा निगेटिव्ह आणि कंट्रोलरची अर्थ पिन यांच्यातला व्होल्टेज मोजा. तो ०.१ व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर मॅपला हात लावू देऊ नका. पॉवरचे अर्थ थेट सिलिंडर हेडवर, घासून स्वच्छ केलेल्या धातूवर घ्या. सेन्सरचे अर्थ मात्र कधीही बॉडीवर नकोत, ते कंट्रोलरच्या सेन्सर ग्राउंड पिनवरच जातात. वाइडबँडचा अर्थही कंट्रोलरच्या अर्थजवळच घ्या.

दुसरी तपासणी टायमिंगची, आणि ती बहुतेक जण अर्धवट करतात. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर लॉक करून टायमिंग लाइट क्रँक पुलीवर मारायचा, इथवर सगळे येतात. पण आयडलला जुळलं म्हणून थांबू नका, ४००० आरपीएमलाही पाहा. खूण सरकत असेल तर डिस्ट्रिब्युटरमधल्या पिकअपच्या दोन वायरी उलट लागल्या असण्याची शक्यता मोठी. असा दोष असताना मॅप कितीही नाजूकपणे बनवला तरी वरच्या आरपीएमला स्पार्क नेमका कुठे पडतोय हे कोणालाच माहीत नसतं.

मूळ वायरिंगचा सॉकेट कापू देऊ नका. मधे जोडायचा पॅच हार्नेस बनवून घेतला, तर अडचणीत जुना ईसीयू पुन्हा लावून घरी येता येतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर राहू द्या आणि ट्यूनिंग झाल्यावर पीयूसी नव्याने काढा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारा फेरबदल चालत नाही, हे इंजिनमध्ये आणखी काही करण्याआधी वाचून घ्या.

आणि गॅरेजला शेवटचे पैसे देण्याआधी दोन गोष्टी मागून घ्या: मॅपची फाइल आणि कोणती वायर कोणत्या पिनवर गेली याचा कागद. परगावी गाडी बंद पडली, तर तिथल्या मेकॅनिकला त्या कागदाशिवाय एकही वायर शोधता येणार नाही.