धिडऱ्याची लीळा

श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्रात, श्रीप्रभूंनी महदाइसेकडे धिडरे मागितल्याची एक लहानशी लीळा आहे. पोथी वाचताना ती बहुधा भरभर पुढे जाते. श्रोते हसतात, श्रीप्रभूंच्या बालभावाचे कौतुक करतात आणि पान उलटले जाते. परंतु अन्न, अन्नाचे नाव आणि माणसाचा प्रदेश यांचे नाते ज्यास अभ्यासावयाचे आहे, त्याने येथे थोडे थांबावे.

लीळेचा आशय थोडक्यात असा. श्रीप्रभूंनी महदाइसेस धिडरे करून देण्याची आज्ञा केली व तोच हट्ट धरला. महदाइसेस धिडरे म्हणजे काय हेच उमगेना. अखेरीस तिला कळले की, आपण ज्याला आहिते म्हणतो त्यालाच वऱ्हाडात धिडरे म्हणतात. मग तिने ते केले आणि श्रीप्रभू संतोषले.

आता ही महदाइसा कोण, हे ध्यानी घेतले पाहिजे. भटोबासांची ही चुलत बहीण गंगातीराकडची, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातली. सर्वज्ञांचे उत्तरापंथे गमन झाल्यावर जी भक्तमंडळी श्रीप्रभूंच्या सेवेस ऋद्धिपुरी राहिली, त्यांत ती होती. धवळे रचणारी मराठीची आद्य कवयित्री ती हीच, आणि सर्वज्ञांना प्रश्नामागून प्रश्न विचारणारी जिज्ञासूही तीच. जिची बुद्धी शास्त्रविचारात अडत नसे, ती चुलीपुढे एका शब्दाशी अडली! पदार्थ तिच्या हातचाच होता, परंतु नाव परमुलखाचे होते.

तेराव्या शतकातील मराठी मुलूख एकभाषिक असला, तरी त्याची स्वयंपाकघरे एकशब्दी नव्हती, याचा इतका प्रत्यक्ष पुरावा अन्यत्र क्वचितच मिळेल. वऱ्हाड आणि गंगातीर यांतील भेद कोणी राजाने शिलालेखात कोरून ठेवला नाही. तो एका बाईच्या गोंधळात टिकला. आणि तो टिकला याचे श्रेय म्हाइंभटांच्या पद्धतीस आहे. ज्यांनी लीळा पाहिल्या, त्यांच्याकडे जाऊन, पुसून, पारखून त्यांनी त्या लिहिल्या. आहित्यांच्या ठिकाणी ‘पक्वान्न’ असा एखादा भारदस्त शब्द घालून त्यांना सहज मोकळे होता आले असते. तसे त्यांनी केले नाही.

येथे एक तुलना सुचते. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ या लीळेच्या सुमारे दीड शतक आधीचा, इ. स. ११२९ च्या सुमाराचा. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मंडक, धोसक अशा अनेक पदार्थांची कृतीसह वर्णने आहेत. खाद्येतिहासाचे अभ्यासक त्याचा आधार घेतात, आणि ते योग्यच आहे. पण ते राजाचे ताट आहे, आणि त्याची भाषा संस्कृत आहे. घरोघर त्या पदार्थांस काय म्हणत, हे तेथे कळत नाही. आपल्या ग्रंथांत ते कळते. संस्कृतात बोलण्याने आपल्या म्हाताऱ्या भक्तिणी वंचित होतील, ही भटोबासांची चिंता सर्वश्रुत आहे. तिच्यामुळे धर्म मराठीत राहिला, आणि धर्माच्या आश्रयाने धिडरेही राहिले.

यावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो सामान्य नाही. आपला आचार रसनाजयाचा. भिक्षुकाने घर निवडू नये, रुचीचा विचार करू नये; झोळीत पडले ते एकत्र करून देहधारणेपुरते घ्यावे. झोळीत वऱ्हाडही नाही आणि गंगातीरही नाही. स्वतः श्रीप्रभू मातंगांच्या घरीही निःशंक विचरत. मग ज्या अन्नाचा भेद मोडावयाचा, त्याच्या नावांचा एवढा आग्रह कशासाठी?

माझ्या मते येथे दोन गोष्टींची गल्लत होते. आचार मोडतो तो अन्नाच्या आधारे उभा केलेला अभिमान: हे आमच्या जातीचे, हे उच्च, ते नीच. ज्या घरातून ते आले त्या घराची ओळख पुसून टाकावी, असे कोणतेही सूत्र सांगत नाही. आणि येथे तर ओळख करून घेणारी व्यक्ती सेवा करणारी आहे. महदाइसेने वऱ्हाडचा शब्द शिकून घेतला. ‘आमच्याकडे असे म्हणत नाहीत’ म्हणून ती अडून बसली नाही. अन्नाच्या वारशाचा गर्व आणि अन्नाच्या वारशाचे स्मरण यांतील अंतर या लीळेइतके सुबोध करून मी तरी अन्यत्र वाचलेले नाही.

पुढे शब्दांचे दैव मात्र विलक्षण फिरले. महदाइसेस जो शब्द परका होता, तो वर्णविपर्ययाने ‘धिरडे’ होऊन आज मराठी घरांत सर्वत्र ओळखीचा आहे. ज्वारीचे, बेसनाचे, तांदळाचे, गुळाचे असे त्याचे प्रकार होतात. तिचा स्वतःचा शब्द ‘आहिते’ मात्र प्रमाण मराठीतून गेला. झाडीपट्टीत तांदळाच्या पिठाचे ‘आयते’ तव्यावर घालतात, त्यांचे नामसाम्य उपेक्षण्याजोगे नाही.

म्हणूनच आपल्या टीकाग्रंथांतील एक सवय खटकते. जुन्या अन्ननामापुढे ‘एक खाद्यविशेष’ एवढेच लिहून टीकाकार पुढे जातो. हा अर्थ नव्हे, हे अर्थ देण्याचे टाळणे आहे. उपहाराच्या बाबतीतही हेच घडत आहे. तीर्थस्थानी येणारे वासनिक पूर्वी घरून जे करून आणीत, त्याची जागा दुकानातील पेढ्यांच्या खोक्याने घेतली. भाव उणा झाला असे मी म्हणणार नाही. पण खोक्यातील पेढा कोणत्या गावाहून आला, हे सांगत नाही.

२०२४ साली रिद्धपुरासच मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य सुरू झाले. तेथील अभ्यासक शब्दसंग्रह करतील तो करोत. आश्रमांतील तरुण साधकांस मात्र त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. भिक्षेस गेले असता झोळीत जे पडेल, त्याचे नाव त्या घरच्या वृद्ध मातेस पुसावे आणि वहीत, तिच्या उच्चारात, गावाच्या नावासह टिपून ठेवावे.