धरणाचें पाणी आणि उद्यांचा हिशेब

दोन चांगल्या गोष्टी एकाच वेळीं साधावयाच्या असतां कोणती किती साधावी, हा प्रश्न शाळेच्या गणितांत क्वचितच भेटतो. व्यवहारांत मात्र तो पदोपदीं आडवा येतो. सातारा जिल्ह्यांतील कोयना धरण हें त्याचें उत्तम उदाहरण होय.

कोयना नदी महाबळेश्वरीं उगम पावून कऱ्हाडास कृष्णेला मिळते. तिच्यावरील जलाशयांत सुमारें १०५ अब्ज घनफूट पाणी मावतें. त्यावर हक्क सांगणारे तिघे. पश्चिमेस बोगद्यांतून पोफळीकडे पाणी नेलें तर वीज होते. पण सह्याद्रीपलीकडे गेलेला थेंब कृष्णेच्या खोऱ्यांत परत येत नाहीं. पूर्वेस सोडलें तर शेती पिकते. तिसरा हक्कदार मोठा विलक्षण : त्याला पाणी नकोच, रिकामी जागा हवी. तो म्हणजे कऱ्हाड-सांगलीकडील नदीकांठचा रहिवासी.

खरी अडचण काळाची आहे. पाऊस बहुतेक चार महिन्यांत पडतो, गरज मात्र बारा महिने. जुलैंतच धरण काठोकाठ भरलें आणि ऑगस्टांत मुसळधार कोसळला, तर येईल तेवढें पाणी खालीं सोडावें लागतें. जागा राखली आणि पावसानें लवकर पाठ फिरविली, तर पुढच्या मे महिन्यांत टंचाई. यांपैकीं कोणतें संकट अधिक जड मानावें, हें माणसांनींच ठरवावयाचें. तें ठरल्यावर आज काय करावें, एवढेंच गणित सांगूं शकतें.

अमेरिकन गणिती रिचर्ड बेलमन यांनीं १९५७ सालच्या आपल्या ग्रंथांत यासाठीं एक युक्ति मांडली : शेवटाकडून मागें यावें. समजा, धरणांत तीन मापें पाणी उरलें आहे. एप्रिलांत पहिल्या मापाचा लाभ १०, दुसऱ्याचा ६, तिसऱ्याचा ३. मे महिन्यांत अनुक्रमें १२, ७ व ४. सगळें एप्रिलांत उधळलें तर लाभ १९. सगळें राखलें तर २३. एक माप एप्रिलास व दोन मे महिन्यास दिलीं तर २९, आणि हाच सर्वांत अधिक. म्हणून प्रथम मे महिन्याचें कोष्टक करावें, मग त्याच्या आधारें एप्रिलचें, मग मार्चचें. पावसाळ्याशीं पोंचल्यावर मात्र काम किचकट होतें, कारण तेथें प्रत्येक शक्यतेस तिच्या संभवाप्रमाणें वजन द्यावें लागतें.

दुसरा मार्ग न्यायाधीशाचा. एका हेतूस मर्यादा घालावी व तींत राहून बाकीचे साधावे. न्यायमूर्ति बचावत यांच्या कृष्णा पाणीतंटा लवादानें कोयनेंतून पश्चिमेस वळविण्याच्या पाण्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली, ती याच जातीची. असला निवाडा समजावयास सोपा. पण कोरड्या व ओल्या वर्षांस एकच माप लावतो, ही त्याची उणीव.

ऑगस्ट २०१९ मध्यें सांगली-कोल्हापुरास महापुरानें वेढलें, तेव्हां धरणें कधीं व किती रिकामीं ठेवावयास हवीं होतीं, यावर पुष्कळ वाद झाला. वाद घालणारे बहुतेक पूर येऊन गेल्यावर बोलत होते. धरणावरील अधिकाऱ्यास ती सोय नसते.

विद्यार्थ्यांनीं वरील उदाहरणांत मे महिन्याचे लाभ ९, ५ व २ असे धरून हिशेब पुन्हां करून पाहावा. आतां दोन मापें एप्रिलास द्यावीं लागतात.