खारे आणि गोडे : खेळातल्या हाडवैऱ्यांचा तह कसा लावायचा

तीन मित्र रोल-प्लेइंग खेळाची तीन टेबलं चालवतात, पण खेळाचं जग एकच : लोणारचं सरोवर आणि भोवतालचा मुलूख. एका टेबलावर खारे आणि गोडे ही दोन कुळं एकमेकांच्या जिवावर उठलेली, तर दुसऱ्या टेबलाला दोन्हीकडची पात्रं एकाच टोळीत हवीत. ही अडचण जुनी आहे. ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’ हा रक्तपिपासूंचा खेळ १९९१ साली आला, पाठोपाठ १९९२ मध्ये नरलांडग्यांचा खेळ. दोघांचं वैर पुस्तकातच लिहिलेलं, तरी खेळाडूंना हौस दोघांना शेजारी बसवायचीच.

साहित्य : वही, जिल्ह्याचा नकाशा, वीस बाजूंचा फासा आणि टेबलं चालवणारे सगळे जण एका खोलीत. फोनवर हे ठरत नाही. फोनवर सगळेच ‘हो’ म्हणतात.

आधी वैर लिहून काढा, दोघांच्या तोंडून वेगवेगळं. खारे म्हणजे लवणासुराचे वंशज, राहणार सरोवराच्या तळाशी. त्यांचं म्हणणं, आमचा पूर्वज स्वतःच्या घरात मारला गेला. दैत्यसूदन होऊन विष्णूने त्याला मारलं ही लोणारची कथा. दैत्यसूदनाचं देऊळ आजही गावात उभं आहे. गोडे हे धारेचे राखणदार. काठावरून बारमाही गोडं पाणी पडतं ते यांचं. त्यांची तक्रार अशी की ते पाणी खाली जाऊन खाऱ्यात नासतं. तक्रारीला नकाशावर बोट ठेवता आलं पाहिजे. ‘ते दुष्ट आहेत’ ही तक्रार नव्हे.

आता सोपी कारणं खोडा. तिसरा शत्रू आला म्हणून एकी झाली, हे पहिलं खोडायचं. शत्रू मेला की तह मेला, आणि शत्रूला मारल्याशिवाय खेळाडू घरी जात नाहीत. दोन्हीकडच्या मुलामुलीचं लग्न हेही नको. कुणा साधूने समजूत घातली, हे तर मुळीच नको. व्हॅम्पायरांच्या जगात त्यांच्याच दोन गटांमधला १४९३ सालचा तह सांगितला आहे. तो टिकतो, कारण माणसांपासून लपून राहण्याची गरज दोन्हीकडे रोजचीच असते. तुमच्याही तहाला असा रोजचा फायदा शोधा.

खरं काम यापुढे आहे : हरलेल्याचा मान ठरवणं. इथे परदेशी पुस्तकं बाजूला ठेवावीत असं माझं मत, कारण आपल्या कथांमध्ये ही रीत पक्की बसलेली आहे. मणी दैत्य शरण आला, खंडोबाजवळ जागा मागून बसला. जेजुरीच्या गडावर त्याची मूर्ती आहे. कोल्हापूरच्या कोल्हासुराने मरताना गावाला आपलं नाव मागितलं आणि दरसालचा कोहळाही. ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर तो अजून फुटतो. बुलढाणा जिल्ह्यात तर दोन गावं दैत्यांच्या नावावर सांगतात, लवणासुराचं लोणार आणि मेघंकराचं मेहकर. देऊळ जिंकणाऱ्याचं, नाव हरलेल्याचं. तुमच्या तहात खाऱ्यांना काय मिळतं ते असंच नेमकं लिहा : कोणती रात्र, कोणता घाट, पहिला नैवेद्य कुणाचा. ‘परस्पर आदर’ असं लिहिलंत तर ती ओळ फाडा.

मग सीव आखा. लोणारला ती आयती मिळते. कमळजादेवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. एका बाजूचं पाणी गोडं, दुसऱ्या बाजूचं खारं, असं लोक सांगतात. तहाच्या बैठका तिथेच, आपापल्या बाजूला बसून. सरोवराचं पाणी चढलं की विहीर बुडते, म्हणजे बैठकच होत नाही. गोष्टीला आणखी काय हवं?

पंच असा निवडा की कुणीही एक जिंकला तर त्याचं पोट मारलं जाईल. सरोवराचे क्षार गोळा करणारे घ्या. काच आणि साबणाला लागणारा इथला माल ‘ऐन-ए-अकबरी’तही नोंदलेला आहे. सरोवर गोडं झालं तर त्यांचा धंदा बुडतो, आणि धार आटली तर प्यायला पाणी नाही.

तहाला वर्षाची मुदत हवी. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात : मधोमध खड्ड्यात मातीची चार ढेकळं, त्यांवर घागर, भोवती धान्यं. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं ते पाहून वर्षाचं भाकीत होतं. भाकीत खरं किती, तो वाद वेगळा. खेळात मात्र चार ढेकळं म्हणजे तहाची चार कलमं. प्रत्येकाला फासा टाका. पाचाच्या आत पडलं की ते कलम त्या वर्षी ढिलं. कोणतं ढिलं झालं ते तिन्ही टेबलांना त्याच दिवशी कळवा.

एक पथ्य. शेगावचे गजानन महाराज, सैलानी बाबा यांना पात्रं करू नका. लोकांची श्रद्धा तिथे जिवंत आहे. आपण फासे टाकायला बसलोय.

शेवटी चाचणी. एक खारा, एक गोडा, पावसाची रात्र, देवळाची एकच ओसरी. दोघांना तह मोडावासा वाटला पाहिजे आणि मोडला तर काय जाईल हेही ठाऊक पाहिजे. नसेल तर मानाच्या कलमाकडे परत जा. घोळ बहुधा तिथेच असतो. आणि एका टेबलावर पंच मारला गेला, तर बाकीच्या दोन टेबलांवर पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत तो जिवंतच धरायचा. त्या दिवशी तिघांनी बसून ठरवायचं.