आबांची बोलेरो रंगवण्याआधी

अगं, बोलेरो विकायची नाही असं ठरवलंस ते फार बरं केलंस. 2003 साली सातपूरच्या कारखान्यातली गाडी दारात उभी राहिली, तेव्हा आबांनी पेढे वाटले होते. तू तेव्हा तिसरीत होतीस. पण आता वरच्या पांढऱ्या रंगाचा विचार नंतर. आधी खाली वाक आणि चासी बघ.

तुला म्हणून सांगते, कुणाला बोलू नकोस. माझी जुनी जीप मी दिवाळीच्या तोंडावर एका गॅरेजात टाकली होती. चार दिवसांत चासी काळी कुळकुळीत होऊन आली. मी इतकी खूश, की शेजारणीला वाकायला लावून खालून दाखवली. दोन पावसाळे गेले. मेकॅनिकने मागच्या आडव्या पट्टीला स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. रंग शाबूत, लोखंडाचं मात्र बिस्कीट झालेलं. वरून कीर्तन, आतून तमाशा! गंजावरच रंग फासला होता त्यांनी, आणि घाई मीच केली होती.

तुझ्या गाडीचं दुखणं तर आणखी वेगळं आहे. आठवतंय का, द्राक्षबागेच्या फवारणीच्या दिवसांत आबा मोरचुदाची पिशवी आणि औषधाचे ड्रम मागेच टाकायचे? बोर्डो मिश्रण झालं की त्यात विळ्याचं पातं बुडवून बघायचे. पात्यावर तांबूस थर आला की चुना कमी पडला, अजून घाला. तो थर म्हणजे तांबं. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि तेवढं लोखंड विरघळून जातं. जे विळ्याचं होतं तेच चासीचं, फक्त तिथे कोणी बघत नाही. त्यात खतांच्या गोण्या आणि कोपऱ्यांत बसलेली आपली काळी माती. ती माती वरून सुकलेली दिसली तरी आतून ओलीच असते.

म्हणून रंग कोणता हा प्रश्न दुसरा. पहिलं काम धुण्याचं आणि खरवडण्याचं. घराच्या भिंतीला पोपडे आले तर आपण त्यावरच चुना मारतो का? प्रेशरने धुऊन घे, नीट वाळू दे, मग छोटी हातोडी घेऊन टकटक करत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर तिथे खडूने खूण कर. तिथलं काम वेल्डरचं, रंगाऱ्याचं नाही. बॉडी उतरवणार असशील तर सँडब्लास्टिंग करून घे, त्यासारखं दुसरं काही नाही. नाहीतर ग्राइंडरला वायरचा ब्रश आणि तासन् तास धीर. डोळ्यांना चष्मा हवाच.

आता रंग. दुकानदार रेड ऑक्साइडचा डबा पुढे करेल. स्वस्त आहे, गेटला-ग्रिलला चालतो. पण तो नुसता लावून भागत नाही, पाणी त्यातून झिरपतं. गंमत म्हणजे त्यातला लाल रंग हाही लोखंडाचा ऑक्साइडच, गंजाचा सख्खा भाऊ! तू दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर माग, एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. डब्यावर लिहिलंय त्याच मापाने मिसळ, अंदाजपंचे नको. उन्हाळ्यात तो लवकर घट्ट होतो, म्हणून थोडा थोडाच कालव. वेल्डिंगच्या सांध्यांत आणि कडांवर पहिला हात ब्रशनेच दे. स्प्रे गनचा रंग तिथे पातळ बसतो. मग दोन हात, वर काळा टॉपकोट. चासीच्या पोकळीत रंग पोचत नाही, तिथे मेणासारखं गंजरोधक मिळतं, ते नळीने मार. पाणी निथळायची भोकं मात्र बुजवू नकोस.

पावडर कोटिंग कर असं कोणीतरी सांगेलच. दिसतं झकास, पण दगड लागून टवका उडाला की गंज त्याच्याखालून सरपटत जातो आणि आपल्याला पत्ता नाही. गंजावर डांबरी अंडरकोट तर मुळीच नको, ओल आत कोंडते. जळकं ऑइल फासायची आबांची पद्धतही सोड. जमिनीवर ठिबकतं आणि रबरी बुश फुगवतं.

आणि महत्त्वाचं. चासीवर कोरलेल्या नंबरावर ग्राइंडर चुकूनही फिरवू देऊ नकोस. काम सुरू होण्याआधी त्याचा फोटो काढ, मग नंबरावर टेप चिकटव. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते. 2018, 2023 झालं, आता 2028 येतंय. आरटीओत त्या नंबराचा ठसा घेतात. अक्षरं पुसली असतील तर खेटे घालून चपला झिजतील.

हे सगळं पावसात करू नकोस, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर तुला श्वास घ्यायला तरी वेळ असतो का? माल निघाला की खरड छाटणीच्या आधी जे चार मोकळे दिवस मिळतात, ते धर. सकाळी, सावलीत. मी येते तेव्हा. वायरचे ब्रश दोन आणून ठेव.