जेडचं जुनं भांडं घेताना पैसे नेमके कशाचे मोजता?

लिलावाच्या यादीत ‘छिएनलोंगची छाप’ एवढंच लिहिलेलं असेल तर बोलीची घाई करू नका. छाप कुणीही, कधीही कोरू शकतो. ‘छाप आणि काळही तोच’ असं स्पष्ट लिहिलं असेल, तरच लिलावगृह भांडं चीनच्या छिएनलोंग बादशहाच्या, म्हणजे १७३६ ते १७९५ या, राजवटीतलं असल्याची जबाबदारी घेतं. त्या दोन-तीन शब्दांवर किंमत शंभरपटीने हलू शकते.

जेडची ही चिनी भांडी मुळातच अनुकरणं आहेत आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शांग आणि चौ राजवटींतल्या कांस्यपात्रांचे घाट आणि नक्षी त्यांनी उचलली: कर्ण्यासारखा उघडणारा ‘गू’ पेला, तीन पायांचं ‘तिंग’, अंगावर डोळे वटारलेला ‘थाओथिए’ मुखवटा. छिएनलोंग बादशहाला बाजारातली नवी नक्षीकामं बटबटीत वाटत, म्हणून त्याने कारागिरांना जुन्या कांस्याकडे वळवलं. १७५९मध्ये शिनच्यांग ताब्यात आल्यावर तिथल्या खोतानचा नेफ्राइट, म्हणजे या भांड्यांचा जेड, मुबलक मिळू लागला. छिएनलोंगच्या काही भांड्यांच्या तळावर ‘प्राचीनाचं अनुकरण’ अशी अक्षरंच आहेत. ग्राहक फसतो तो या अनुकरणाच्या नकलेला.

ढोबळ भाव असे. जेडसारख्या दिसणाऱ्या सर्पेंटाइन दगडाचं आधुनिक भांडं काही शे डॉलरांत मिळतं. छिएनलोंगच्याच छिंग घराण्याच्या उत्तरार्धातलं चांगलं नेफ्राइटचं छोटं पात्र काही हजारांत. अठराव्या शतकातलं खात्रीचं काम दहा हजारांच्या पुढे सुरू होतं आणि राजछापेचं असेल तर लाखांत जातं. टवका, हरवलेलं झाकण, तुटल्यावर घासून खाली आणलेला काठ यांमुळे भाव जोरात उतरतो. काठ उतरवल्याची शंका आली तर प्रमाण पाहा. ‘गू’ची मान बुटकी दिसली की काहीतरी गेलेलं असतं.

दगडाची परीक्षा सर्वांत स्वस्त. लाकडी बैठक काढून भांडं हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात टांगून तोला, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. ५९० ग्रॅमचं भांडं पाण्यात सुमारे ३९० भरलं तर घनता २.९५ आली, म्हणजे नेफ्राइटशी जुळली. सर्पेंटाइनची घनता २.६च्या आसपास असते, म्हणून त्याच वजनाचं भांडं पाण्यात ३६३च्या आसपास भरेल. चिकटवलेल्या भांड्यावर हा प्रयोग नको. सुरीने ओरखडा काढून पाहण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मुंबई-जयपूरच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळा दगड कोणता ते पक्कं सांगतात. मात्र तो अहवाल दगडाचा असतो, वयाचा नव्हे. विक्रेता तोच कागद वयाचा पुरावा म्हणून पुढे करू लागला तर तिथेच थांबा.

वय ओळखायला भांड्याच्या आत पाहा. जेड छिन्नीने कोरलं जात नाही. ते फिरत्या चकतीने, कुरुंदासारख्या कठीण वाळूने झिजवत नेतात, आणि अरुंद मानेतून पोट पोकळ करणं हे त्यातलं सर्वांत जिकिरीचं काम. चांगल्या जुन्या कामात आतली बाजूही मन लावून घासलेली असते, झिलई मेणासारखी मऊ दिसते, आणि हलत्या कड्यासुद्धा त्याच दगडातून काढलेल्या असतात. बाहेर नक्षी रेखीव आणि आत ओबडधोबड, किंवा प्रत्येक रेघ एकाच खोलीची, असं दिसलं तर संशय घ्या. तपकिरी डाग कृत्रिमरीत्या देता येतात, त्यामुळे ‘मातीत पुरलेलं होतं’ या कहाणीला मोल देऊ नका. नजर तयार करायची तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातल्या चिनी वस्तू शांतपणे पाहा. त्याला तिकिटापलीकडे खर्च नाही.

माझ्या मते सर्वाधिक पैसे कागदाला द्यावेत: जुनी पावती, आधीच्या लिलावाची नोंद, संग्रहाचा माग. चीनमधून १९११पूर्वीच्या पुरावस्तू बाहेर नेण्यास मनाई आहे. त्यामुळे बीजिंगच्या बाजारात कुणी ‘अस्सल छिएनलोंग’ पिशवीत घालून देत असेल, तर ती वस्तू नकली आहे किंवा बेकायदा.

आता खरा खर्च. दहा हजार पौंडांवर बोली सुटली आणि लिलावगृहाचं अधिमूल्य २६ टक्के असेल, तर बिल १२,६०० होतं. त्यावर स्थानिक कर, खास पॅकिंग, विमा, वाहतूक. अवस्थेचा अहवाल मात्र लिलावगृह मागितल्यावर सहसा मोफत देतं, तो बोलीआधीच मागवा. भारतात आणताना सीमाशुल्क आणि जीएसटी लागतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूचं वर्गीकरण वेगळं असल्याने वय दाखवणारा कागद इथेही हवाच. बोली लावण्याआधी या करांचे दर सीमाशुल्क दलालाकडून लेखी घ्या.

लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी भांडं पुण्याच्या घरी पाठवण्याआधी एक गोष्ट ठरवावी. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं पूर्ण झालेली कलावस्तू पुरावस्तू ठरते, आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. पुढे कधी परदेशातच विकायचा विचार असेल तर ते तिकडेच ठेवा.