जबड्याच्या सांध्याचे जुने दुखणे

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडावे व मिटावे. बोटाखाली जे हालते तो जबड्याचा सांधा होय. त्यातील दोन हाडांमध्ये एक पातळ चकती असते. झोपेत दात खाणे, काळजीने दात आवळून धरणे, यांनी स्नायू शिणतात व कधी चकती सरकते. मग कानशील ठणकते व चावताना कटकट वाजते. पुष्कळ जण ही दाढदुखी समजून चांगली दाढ उपटवितात. तसे करू नये.

उपाय सोपे आहेत. अंबडकडील शेतकऱ्याने दातांनी ऊस सोलणे काही आठवडे सोडावे. भाकर कालवणात कुस्करून खावी. ऊन फडक्याने शेकावे. ओठ मिटले तरी दात सुटे ठेवावे. बहुतेकांस एवढ्याने आराम पडतो. शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

परंतु तोंडात तीन बोटे उभी शिरत नसतील, तिखट झोंबत असेल व सुपारी-गुटख्याची सवय असेल, तर तो रोग निराळा. त्यातून पुढे कर्करोग संभवतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यास बंदी झाली, परंतु सवय गेली नाही. अशाने ती आजच सोडून छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयात विलंब न करिता तोंड दाखवावे.