जंतूंचा तापमापक

अंग तापले की घरातील वडील माणसे तापमापक काढतात. मग डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूला, आपण थंड मातीत आहोत की माणसाच्या ऊबदार देहात, हे कसे उमगते?

लिस्टेरिया नावाचा जंतू घ्या. थंडीत त्याला पोहण्यासाठी चाबकासारखे तंतू असतात. ते घडविणारी जनुके बंद करणारे एक प्रथिन त्याच्या पेशीत असते. त्याचे नाव मोगआर. परंतु थंडीत जीमाआर हे दुसरे प्रथिन मोगआरला धरून ठेवते, म्हणून तंतूंचे काम चालू राहते. आपल्या रक्ताच्या उष्णतेला, म्हणजे ३७ अंश सेंटिग्रेडला, जीमाआरचा आकारच पालटतो व पकड सुटते. मोकळे झालेले मोगआर जनुके बंद करते. हा उलगडा २०११ साली प्रसिद्ध झाला. पारा नाही, काच नाही; प्रथिनाची घडी हाच तापमापक!

तंतू नसण्यात जंतूचा लाभ कोणता? आपल्या देहातील रक्षक पेशी अशा तंतूंवरून पुष्कळ जंतूंना ओळखतात. (मला तर वेश पालटून गावात शिरणारा चोरच आठवतो.) गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांना हा जंतू विशेष घातक. शीतकपाटातील थंडीने तो मरत नाही, उलट हळूहळू वाढतो. दूध उकळले म्हणजे मात्र मरतो.